नायगावच्या रांगेतून, अंजनवेलच्या भिंतीबाबत

प्रति,
द्रवरूप वायूची टर्मिनलं आखणारे साहेब,
मु. पो. जिथं एसी चालू असेल तिथं.

विषय : युरियाची दोन पोती.



साहेब, पत्र नायगावहून आहे. वसईजवळचं नायगाव नव्हे, त्याला निदान खाडी आहे. आमचं नांदेड जिल्ह्यातलं. आम्हाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ आणि समुद्र टीव्हीवर. तरी तुमच्या बंदराशी आमचं काम निघालं.

गेल्या जुलैत चार दिवस झड लागून उघडीप झाली. वापसा आला. कपाशीला युरिया द्यायचा तो अशाच दोन-तीन दिवसांत. सकाळी सहाला कृषी केंद्रावर गेलो, तर माझ्या आधी चाळीसेक चपला. माणसं लिंबाखाली, चपला रांगेत. मीही माझी लावली. अकराला शटर वर गेलं. यंत्रानं तीनदा माझा अंगठा ओळखला नाही. खुरप्यानं रेषाच ठेवल्या नाहीत, त्याला मी काय करू? चौथ्यांदा ओळखला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "दोन पोती देतो. सोबत ही बाटली आणि झिंकची पिशवी."

"मला नको."

"मग युरिया पण नाही. वरूनच तसं येतंय, काका."

45 किलोचं पोतं 266 रुपये 50 पैशांचं, आणि सोबतचं लटांबर त्याहून महाग. याला आमच्याकडं लिंकिंग म्हणतात.

यात तुम्ही कुठून आलात? युरिया मातीतून निघत नाही, साहेब, वायूतून निघतो. अलिबागजवळ थळला कारखाना आहे, तिथं वायूतला हायड्रोजन आणि हवेतला नत्र एकत्र आणून अमोनिया करतात, त्याचा पुढं युरिया. देशाला लागणाऱ्या वायूपैकी निम्म्याच्या आसपास परदेशातून येतो. उणे 162 अंशांपर्यंत थंड करायचा, की त्याचं पाणी होऊन तो 600 पट आक्रसतो. मग जहाज, मग तुमचं टर्मिनल, तिथं पुन्हा वाफ, मग नळ. म्हणजे माझ्या पऱ्हाटीचं पान हिरवं राहायचं तर आधी कतारात कुणाला तरी हुडहुडी भरली पाहिजे.

आता तुमचं अंजनवेल. गुहागर तालुका, दाभोळचा प्रकल्प. एन्रॉनची कथा उगाळत नाही, तिच्यावर सगळ्यांचं बोलून झालंय. 2001 मध्ये कंपनी बुडाली आणि समुद्रातली लाटा अडवायची भिंत अर्धी राहिली. तिथपर्यंत मी समजू शकतो. पण जानेवारी 2013 मध्ये तुम्ही वर्षाला 50 लाख टनांचं ते टर्मिनल चालू केलं, आणि भिंत? भिंत अर्धीच! भिंत नव्हती म्हणून पावसाळ्यात जहाज लागत नव्हतं. जहाज लागत नव्हतं म्हणून दर पावसाळ्याला टर्मिनल बंद असायचं. एक नाही, दोन नाही, कितीतरी पावसाळे! अहो, कोकणात पाऊस पडतो हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं? शाळेतल्या पोराला विचारायचं! मी शेतात विहीर खोदून कठडा नंतर बांधीन म्हटलं तर माझी बायको मला घरात घेणार नाही. तुम्हाला मात्र उद्‌घाटनाला हार मिळाले असतील.

आणि पावसाळा कुणाचा? आमचा. देशभरातला शेतकरी युरियासाठी उभा राहतो तो जूनपासून, नेमकं तेव्हाच तुमच्या दाराला कुलूप असायचं.

जयगडला तर एप्रिल 2021 मध्ये तरंगतं टर्मिनलच आलं होतं. आलं तसं गेलं. त्यावर कागद खर्च करत नाही.

तुम्ही म्हणाल, दहेजचं टर्मिनल आहे, हजिऱ्याचं आहे, तुझ्या पोत्याचा आमच्या भिंतीशी संबंध नाही. नांदेडला खताचा रॅक लागला नाही त्याची कारणं वेगळी. असतील. मी पत्र लिहायला बसलोय, ऑडिट करायला नाही.

पण रांगेत पाच तास उभं राहिलं की माणूस नको ते वाचतो. पोराच्या मोबाइलवर वाचलं, की 1999 मध्ये कतारशी वायूचा 25 वर्षांचा करार झाला. माल उचला, नाही उचलला तरी पैसे भरा. 2015 मध्ये बाहेर वायू स्वस्त झाला तरी आपल्याला करारातला महाग भाव. डिसेंबरात विनवण्या करून तो उतरवून घ्यावा लागला. मग 2022 मध्ये युद्ध पेटलं, भाव आभाळाला भिडले, आणि दुसरीकडं करार झालेली काही जहाजंसुद्धा आपल्याकडं आलीच नाहीत.

म्हणजे साहेब, तुम्हीही चपला लावूनच उभे होता की! तुम्हालाही कुणीतरी म्हणालंच, नको असलं तरी घ्यावं लागेल; आणि खरंच हवं होतं तेव्हा शटर खाली. हे वाचून मला तुमचा राग येईना. मग दुकानदाराकडं बघितलं, पुन्हा आला.

बाटली घेतली मी. काय करणार? पोती घरी आणेस्तोवर दिवस मावळला आणि रात्री पुन्हा झड लागली, ती तीन दिवस. युरिया ओसरीत, बाटली देवळीत.

आपला,
रांगेतला एक्केचाळिसावा

ता. क. माझी एकच चप्पल परत मिळाली. उजवी.