दाढेला मुहूर्त नाही

वहिनी पालीला घाबरत नाहीत. गॅसचं सिलिंडर त्या एकट्याने बदलतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीला हिशेबावरून घाम फोडतात आणि डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल रोज पकडतात. घाबरतात त्या एकाच गोष्टीला. दातांच्या डॉक्टरला. अर्थात हे त्या कबूल करणार नाहीत. विचारलंत तर म्हणतील, ‘‘भीती कसली? वेळ कुठंय?’’

वेळ नाही हे खरंच आहे. कालनिर्णय उघडून बघा. वैशाखात लग्नं, जूनमध्ये शाळा सुरू, मग श्रावण, मग गणपती. पितृपक्षात जरा सवड असते, पण पितृपक्षात कुणी नवीन काम काढतं का? पुढे नवरात्र, दिवाळी, मार्गशीर्षातले गुरुवार, संक्रांतीचं हळदीकुंकू आणि मुलांच्या परीक्षा. परीक्षा संपल्या की पुन्हा कुणाचं तरी लग्न ठरलेलं असतंच. बाराही महिन्यांत दाढेला म्हणून मुहूर्त नाही.

गंमत म्हणजे दवाखाना वहिनींना अनोळखी नाही. सासूबाईंच्या कवळीचं माप द्यायला त्याच गेल्या. मुलीच्या दातांना तारा लावल्या, त्या आवळायला दर महिन्याला त्याच नेतात. नवऱ्याचे दात साफ करायची वेळही त्यांनीच घेतली. बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसतात आणि आतलं यंत्र सुरू झालं की फोनवर कुणालातरी मोठमोठ्याने खुशाली विचारू लागतात. ते यंत्र मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. त्याची ती बारीक, कानात शिरणारी शीळ ऐकली की वहिनींची बहीण फोनवर ओळखते, ‘‘ताई, तू परत दातांच्या डॉक्टरकडे का गं?’’

एकदा डॉक्टरांनीच विचारलं, ‘‘ताई, तुमचंही एकदा बघून घेऊ का?’’

‘‘आज नको हो, गॅसवर आमटी ठेवून आलेय.’’

‘‘आई, आमटी तर तू सकाळीच केलीस,’’ लेक तारांमधून बोलली. घरी जाईपर्यंत वहिनी तिच्याशी बोलल्या नाहीत.

डाव्या बाजूची दाढ मात्र कालनिर्णय पाळत नव्हती. आधी थंड पाण्याने सळसळली, मग गोडाने, मग उगाचच. वहिनींनी त्यावर अख्खी व्यवस्था उभी केली. जेवण उजवीकडून. आइस्क्रीम वितळल्यावर. दिवाळीत चकली चाखून बघायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती कानाशी धरून मोडली, कट् असा आवाज ऐकला आणि ‘‘खुसखुशीत झालीय’’ असा निकाल दिला. निकाल अचूक होता. घरात कुणाला काही कळलं नाही. सासूबाईंना एवढंच कोडं पडलं की मसालेभात महिन्यातून एकदा होतो, मग डब्यातल्या लवंगा जातात कुठे?

लवंगेवर वहिनींची श्रद्धा चुकीची नव्हती. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल दुखऱ्या दाढेला थोडा वेळ खरंच बधिर करतं. डॉक्टरही तेच झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरता लेप भरतात. दवाखान्यात शिरताच जो उग्र वास वहिनींच्या पोटात गोळा आणतो, त्यात युजेनॉलच असतं. म्हणजे ज्या वासाला भिऊन पळायचं, तोच गालात दाबून घरी झोपायचं.

झोप तरी कसली? दाढ रात्रीच जास्त ठणकते, कारण आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त येतं. मग वहिनी दोन उशांना टेकून बसायच्या. रात्री दोन वाजता त्यांनी मटकी निवडली, लेकीच्या वह्यांना कव्हरं घातली, एलआयसीच्या पावत्या लावल्या. सकाळी नवरा म्हणाला, ‘‘कामाचा उरक दांडगा आहे हं तुझा.’’ या माणसाला मी दोष देत नाही. बायकोच्या दुखण्याचा घराला फायदा होत असला की ते दुखणं दिसायला जरा वेळ लागतो.

आणि एके दिवशी दाढ दुखायची थांबली. वहिनींनी जाहीर केलं, ‘‘बघा, गेलं की नाही आपोआप?’’ आपोआप गेली होती ती दाढेतली नस, कायमची. जंतू आता शांतपणे मुळाखाली उतरत होते.

ही भीती आली कुठून? मामाकडून. लहानपणी हलणाऱ्या दुधाच्या दाताला मामांनी दोरा बांधला, दुसरं टोक दाराच्या कडीला, आणि ‘‘अजिबात दुखणार नाही हं’’ म्हणून दार धाडकन लावलं. तेव्हापासून ‘दुखणार नाही’ म्हणणाऱ्या माणसावर वहिनींचा विश्वास नाही. भूल द्यायचं लिग्नोकेन स्वीडनमध्ये 1943 साली तयार झालं, मामांच्या दाराच्याही आधी. पण ते वहिनींना सांगणार कोण?

शिवाय शास्त्रज्ञांनीही त्यांना पुरतं ओळखलेलं नाही. कोराह नावाच्या अमेरिकन संशोधकाने 1969 साली दातांच्या भीतीची एक मोजपट्टी काढली. तिच्यात चार प्रश्न. उद्या जायचंय तर कसं वाटतं, बाहेर बसल्यावर कसं वाटतं, खुर्चीत यंत्राची तयारी चालू असताना कसं वाटतं, दात साफ करायची हत्यारं काढताना कसं वाटतं. चारही प्रश्न दवाखान्याचे. त्या दिवशी पोळ्या कोण करणार, हा पाचवा प्रश्न कोराहसाहेबांना सुचला नाही. वहिनींची निम्मी भीती त्यात दडलेली असते, आणि दडायला जागाही तीच बरी पडते.

शेवटी भाचीच्या हळदीच्या दिवशी गाल सुजला. सगळे फोटो उजव्या बाजूने. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि अक्षता वाळायच्या आत नवरा त्यांना खुर्चीत बसवून आला. डॉक्टर म्हणाले, ‘‘दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन.’’ वहिनींनी हात वर केला तेव्हा डॉक्टर अजून हातमोजे घालत होते. पण ते खरोखर थांबले! दुखलं थोडंसं, कारण सूज आणि पू असताना भुलीचं औषध नीट लागू पडत नाही. जो उशिरा जातो त्यालाच जास्त दुखतं, आणि तोच बाहेर येऊन सांगतो, ‘‘मी म्हटलं नव्हतं?’’ साधी किडलेली जागा वेळेवर भरून घेतली असती तर वहिनींना चार वाक्यं बोलायलाही विषय उरला नसता.

घरी आल्यावर ओठ बधिर. त्यामुळे प, फ, ब, भ, म बंद. ‘‘भाताचं भांडं’’ त्यांनी तीनदा सांगितलं, कुणाला कळलं नाही. त्या संध्याकाळी त्या घरात पहिल्यांदा सूचनेशिवाय स्वयंपाक झाला. खिचडी जरा करपली, एवढंच.

तेव्हा नवरेमंडळी, लेकरं हो, एक विनंती. तिला नुसतं ‘‘जाऊन ये ना एकदा’’ म्हणू नका. वेळ तुम्ही घ्या, सकाळची पहिली घ्या, म्हणजे बाहेर बसून यंत्र ऐकावं लागणार नाही. बरोबर जा. आणि त्या दिवशी डबा कोण करणार, ते आदल्या रात्रीच ठरवून तिला सांगा.