म्या सांगतलं होतं

वलगावच्या जुन्या वस्तीत कुणाच्या दारापुढे सोल, कुऱ्हाडी आणि कटर मशीन उतरली की काकाजी हजर होतात. बोलावणं कुणाचंच नसतं. मे महिन्याचं ऊन, डोक्याला दुपट्टा, हातात काठी. आल्या आल्या ते बुंध्यावर काठी ठोकतात, कान लावतात आणि निदान करतात, "पोटातून पोकळ हाये बाप्पा!" मग मान वर करून कावळ्याचा खोपा शोधतात. खोपा शेंड्यावर असला तर यंदा पाऊस कमी. झाड पाडायला आलेल्या माणसांना हे ऐकून घ्यावंच लागतं.

झाड बहुतेक निंबाचं असतं. लावलं तेव्हा भोवती मोकळं आंगण होतं. पुढे वाटण्या झाल्या. एका भावानं टिनं टाकली, दुसऱ्यानं संडास बांधला, वरून विजेची तार गेली. निंब कुणाच्याच वाटणीत आला नाही, पण फांद्या सगळ्यांच्या डोक्यावर पसरल्या. पावसाळ्याआधीच्या वादळात त्या टिनांवर आपटायला लागल्या की घरात कुणाला झोप येत नाही.

अशा झाडाचा हिशेबही उलटा. वावरातलं झाड असलं तर लाकूडवाला तुम्हाला पैसे देतो. बोळातलं असलं तर लाकूड त्याचं आणि वर मजुरीही तुमची! काकाजींना हे पटत नाही. ते घासाघीस करायला बसतात, आणि घरमालकानं आदल्या दिवशी कमी करून घेतलेला भाव पुन्हा वर जातो.

बोळात हायड्रा क्रेन शिरत नाही, म्हणून झाड शेंड्यापासून तुकड्या-तुकड्यानं उतरवावं लागतं. चढणारा पोरगा कमरेला दोर बांधतो, दुसरा सोल फांदीला बांधून वरच्या बेचक्यातून खाली सोडतो. खालचा गडी तो सोल बुंध्याला दोन वेढे देऊन धरतो. वेढ्यांमुळे सोल घासत सरकतो आणि क्विंटलभराची फांदीही एकट्याला सावकाश खाली सोडता येते. काकाजींच्या मते हे वेढे म्हणजे आळस. "चार माणसं लावा अन् ओढा!" पोरगा आधी फांदीच्या खालच्या अंगाला खाच घेतो, नाहीतर फांदी मोडताना बुंध्याची साल सोलत नेते. काकाजी खालून ओरडतात, "उलट्या बाजूनं कापून रायला बे!" पोरगा वरून शांतपणे म्हणतो, "हो काकाजी," आणि आपलंच करतो. या "हो काकाजी"ला मी फार मोठं कौशल्य मानतो.

आमचा निंब काढला तेव्हा त्यांनी घरून फक्की आणली. हातभर काठी डोळ्यासमोर उभी धरून झाडाची उंची मोजली आणि फांदी कुठवर येईल त्याची पांढरी रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे धोका, पलीकडे बिनघोर. पलीकडे त्यांनी स्वतःची सायकल लावली. लाईन बंद झाली, पहिली मोठी फांदी सुटली, सोलावर झुलली आणि शेंड्याकडून बरोबर सायकलीवर टेकली. घंटी वाजली. काकाजींनी घसा खाकरला. "म्या सांगतलं तसं त्यानं केलंच कुठं?" पुढच्या सगळ्या फांद्या जागेवर उतरल्या. "पाहा, म्या सांगतलं होतं!"

संध्याकाळी पाला, भुसा, काटक्या बोळभर. गडी जळतन भरायच्या घाईत. तेव्हा काकाजींना गाडगेबाबा आठवतात. २० डिसेंबर १९५६ ला बाबांनी पेढी नदीजवळ, याच वलगावात देह ठेवला. त्यांच्या गावात कचरा ठेवता, लाज नाही वाटत? सगळे झाडू घेतात. काकाजी काठीनं दाखवतात, कुठला कोपरा राहिला ते.

त्यांच्या स्वतःच्या घरावर मात्र चिंचेचा एक हत्तीएवढा फाटा कित्येक वर्षं झुकलेला आहे. विषय काढला की काकाजी कायदा सांगतात, आणि तो बरोबर सांगतात: १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात आंबा, मोह, जांभूळ यांच्या जोडीला चिंचही आहे, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. "अर्ज लिहून ठेवला हाये ना," काकीजी आतून म्हणतात, "कपाटात. देत नाहीत."

परवा काकीजींनी त्या चढणाऱ्या पोराला हळूच बाजूला घेतलं. "झाड राहू दे बापा, नुसता टिनावरचा शेंडा छाटून दे. बुधवारी हे अमरावतीले जातात, तवाच ये."

पोरगा कानाच्या पाळीला हात लावून म्हणाला, "नाही माय, काकाजी पाहिजेतच. बोळाच्या तोंडाशी लेकरं अन् फटफट्या कोण अडवीन? त्यायच्या आवाजानं कुत्रंही आत येत नाही."

आता काकीजींनी दोघांनाही बुधवारचं सांगितलंय. काकाजी फक्की विकत आणायला गेलेत.