शनिवार पहाटेची घंटागाडी

फाइल सर्व्हरची डिस्क भरत आली की कार्यालयात दोन उपाय निघतात. पहिला म्हणजे ‘सर्वांनी आपापल्या जुन्या फाइली त्वरित काढून टाकाव्यात’ असा मेल पाठवणे. मेलला सविस्तर सूचनांचे जोडपत्र असते, ते प्रत्येक जण जपून ठेवण्यासाठी सर्व्हरवरच सेव्ह करतो, आणि डिस्क आणखी थोडी भरते. दुसरा उपाय डीडुप्लिकेशनचा. प्रस्तुत मार्गदर्शन या दुसऱ्या उपायाचे आहे, आणि विंडोज सर्व्हरपुरते आहे, कारण बहुतेक कार्यालयांत कोपऱ्यातल्या खोलीत तोच घरघरत असतो.

थोडक्यात शास्त्र असे. विंडोज सर्व्हर २०१२पासून ही सोय आहे. ती फाइलचे साधारण ३२ ते १२८ केबीचे तुकडे पाडते (यांना चंक म्हणतात), सारखा तुकडा एकदाच साठवते, आणि प्रत्येक फाइलमध्ये ‘माझा माल अमुक ठिकाणी आहे’ एवढी खूण ठेवते. वापरणाऱ्याला काहीही कळत नाही. हे सगळे फाइल लिहिताना होत नाही, मागाहून होते, म्हणून वेळापत्रकाचा प्रश्न येतो. झेडएफएसवाले लिहितानाच डीडुप करतात. त्यांना वेळापत्रक लागत नाही, रॅम लागते, आणि ती किती लागते हे त्यांना विचारू नये.

वेळापत्रक मांडण्याआधी काय वाचणार याचा अंदाज घ्या. त्यासाठी डीडीपीइव्हॅल नावाचे छोटे साधन आहे. ते व्हॉल्यूमला हात न लावता फक्त मोजते. मोजणी चालू असताना एखादे फोल्डर स्वतः उघडून पाहा. ‘वार्षिक अहवाल अंतिम’, ‘वार्षिक अहवाल अंतिम २’, ‘साहेबांनी पाहिलेला’, ‘साहेबांनी पाहिलेला सुधारित’, ‘छपाईला हा द्यावा’ आणि ‘हा नको’. सहाही फाइलींत तेच स्नेहसंमेलनाचे चाळीस फोटो. वर्डची डॉकएक्स फाइल म्हणजे आतून झिप असते. मजकुरात एक ओळ बदलली तर मजकुराचा भाग बदलतो, फोटो मात्र आत वेगळे पडून असतात, बाइटन् बाइट तेच. डीडुपची कमाई इथे होते. ‘हा नको’ डिलीट करण्याचा मोह होईल. करू नका. ती फाइल गेली की तासाभरात तिचीच मागणी येते.

वरिष्ठांना बचतीचा आकडा देताना जपून. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने वापरकर्त्यांच्या कागदपत्रांत ३० ते ५० टक्के, सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशन फाइलींत ७० ते ८० टक्के आणि व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कमध्ये ८० ते ९५ टक्के जागा वाचते. टिपणीत ९५ लिहिला की बैठकीत तेवढाच लक्षात राहतो. ३० लिहा. ४० वाचले तर तुमचे कौतुक होईल, निदान तशी शक्यता राहील.

फाइल निदान तीन दिवस जुनी असल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, असा मूळ नियम आहे. ताज्या फाइलींवर लोक अजून काम करत असतात, हे त्यामागचे कारण. फाइल तीन दिवस न हलणे ही आपल्या कार्यालयांची अडचण कधीच नव्हती, त्यामुळे हा आकडा आहे तसा राहू द्या.

आता मुख्य विषय. यंत्रणेत जुळवाजुळव करणारे ऑप्टिमायझेशन दर तासाला हळूच चालते. गार्बेज कलेक्शन, म्हणजे बेवारस झालेले तुकडे उचलणारी घंटागाडी, शनिवारी पहाटे २.३५ला निघते. तिच्यामागून ३.३५ला स्क्रबिंग, म्हणजे साठवलेले तुकडे शाबूत आहेत का याची तपासणी. ही वेळ वाचून ‘शनिवार म्हणजे सुट्टी’ असे म्हणत पुढे जाणाऱ्यांसाठी खुलासा: शनिवारी पहाटे २.३५ म्हणजे शुक्रवारची रात्र. आठवड्याचा फुल बॅकअप शुक्रवारी रात्रीच सुरू झालेला असतो. अँटिव्हायरसचा संपूर्ण स्कॅनही तेव्हाच लावलेला. पॅच चढवून सर्व्हर रीस्टार्ट करण्याची वेळही तीच, कारण त्या वेळी ‘कोणी नसते’. रात्री दोनची वेळ नेमकी कोणी ठरवली, याची चौकशी करू नका. प्रत्येकाने स्वतंत्रपणे ठरवली आहे, आणि प्रत्येकाला ती फक्त आपल्यालाच सुचली असे वाटते.

तेव्हा पहिले काम कागदाचे. भिंतीवरच्या कॅलेंडरचे मागचे पान घ्या, रात्रीचे तास आखा आणि कोणता जॉब कधी सुरू होतो ते भरा. कधी संपतो तेही भरा. हा दुसरा रकाना आजवर कोणी भरलेला नसतो. शनिवार-रविवार बंद असणाऱ्यांनी (राज्य शासनाची कार्यालये २९ फेब्रुवारी २०२०पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत) घंटागाडी रविवार पहाटेवर ढकलावी. शनिवारी अर्धा दिवस भरणाऱ्या खासगी कंपन्यांनीही तेच करावे. हिंजवडीसारख्या ठिकाणी अमेरिकेच्या वेळेने चालणारी टीम तुमच्याच सर्व्हरवर असेल, तर लक्षात घ्या की आपले पहाटेचे २.३५ म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे संध्याकाळचे ५.०५. शुक्रवारी संध्याकाळी ५.०५ला आठवड्याचा अहवाल अपलोड करायला निघालेल्या माणसाच्या वाटेत कोणीही येऊ नये, घंटागाडी तर मुळीच नको.

बॅकअपशी क्रम कसा लावावा? तुकडे इकडचे तिकडे झाले की ब्लॉक पातळीवर चालणाऱ्या इन्क्रिमेंटल बॅकअपला ते सगळे नवेच वाटतात. मोठ्या साफसफाईनंतरचा इन्क्रिमेंटल म्हणूनच अचानक फुगतो, आणि सकाळी बॅकअपवाला व डीडुपवाला (लहान कार्यालयात हा एकच माणूस असतो) एकमेकांकडे संशयाने पाहतात. साफसफाई आधी संपवा, फुल बॅकअप तिच्यानंतर घ्या. तुमचा बॅकअप फाइलगणिक घेतला जात असेल, तर प्रत्येक फाइल पुन्हा पूर्ण होऊनच बाहेर पडते. डिस्कवर वाचलेली जागा बॅकअपमध्ये वाचत नाही. ही गोष्ट टिपणीत शेवटच्या पानावर घाला.

‘सर्व्हर कामात असेल तर जॉब थांबवावा’ असाही एक पर्याय आहे. वाचायला फार सुसंस्कृत. परंतु ज्या सर्व्हरला कधीच निवांतपणा नसतो, त्यावर हा जॉब रोज रात्री वेळेवर उठतो, परिस्थिती पाहतो आणि निजतो. महिनाभर लॉगमध्ये कामाची नोंद असते, फक्त काम नसते. त्यापेक्षा जॉबला ठरावीक तासांची मुदत द्या. सकाळी नऊच्या आत तो आवरला पाहिजे. साडेनवाला पहिली एक्सेल उघडते आणि ‘सर्व्हर स्लो आहे का?’ हा फोन येतो. प्रश्नार्थक वाटला तरी तो प्रश्न नसतो.

पहिली फेरी सर्वांत लांबते, कारण साचलेले सगळे एकदम चाळायचे असते. ती दिवाळीच्या सुट्टीत लावावी. दसऱ्याला लावू नये. त्या दिवशी यंत्रपूजा असते. रॅकला हळद-कुंकू वाहिले जाते आणि झेंडूची जाड माळ बरोबर हवा आत जायच्या जाळीवर पडते. आत जॉबने प्रोसेसर तापवलेला, बाहेर झेंडू. माळ वरच्या बाजूला घालायला सांगा. ती काढायला सांगणे तुमच्या पदाला झेपणार नाही.

एक प्रसंग गृहीत धरा: साहेबांनी स्वतः संमेलनाचा मोठा व्हिडिओ डिलीट केला आणि डिस्कवरची मोकळी जागा तसूभरही वाढली नाही. फाइल गेली तरी तिचे तुकडे घंटागाडी येईपर्यंत जागेवरच असतात. हे समजावू नका. समजावताना ‘शनिवारपर्यंत थांबा’ असे वाक्य येते आणि त्याचा अर्थ ‘काम होत नाही’ असा घेतला जातो. गार्बेज कलेक्शनचा जॉब हाताने सुरू करा आणि दुपारी ‘पाहतो सर’ म्हणा.

स्क्रबिंग मात्र कधीही बंद करू नये. एकच तुकडा शेकडो फाइलींचा आधार असतो. तो सडला तर त्या सगळ्या एकदम बसतात. त्यासाठी यंत्रणेनेच तजवीज केली आहे: शंभराहून जास्त वेळा वापरात असलेल्या तुकड्याची एक जादा प्रत ती ठेवते. म्हणजे प्रती काढून टाकायला नेमलेली व्यवस्था महत्त्वाच्या मालाची प्रत स्वतःच जपते. ही माहिती ‘हा नको’ फाइलच्या मालकाला मिळू देऊ नये.

राहता राहिले अनऑप्टिमायझेशन, म्हणजे सगळे पूर्ववत करणे. ते वेळापत्रकात कधीच नसते, हाताने चालवावे लागते, आणि त्यासाठी वाचवलेली सगळी जागा पुन्हा मोकळी असावी लागते. ती एव्हाना भरलेली असेल. नव्या डिस्कसाठी तीन कोटेशने आजच मागवून ठेवा. खरेदी समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा होते.