‘नको’ कोण शिकवणार?

विशेष मुलांच्या शाळेत कौतुक कुणाचं होतं? बसवलं तिथे बसणाऱ्या, हात धरला की धरू देणाऱ्या, ‘काकांना पापी दे’ म्हटलं की लगेच देणाऱ्या मुलाचं. घरीही तेच. ‘आमची बाळी फार शहाणी, कध्धी हट्ट करत नाही,’ असं आई अभिमानानं सांगते. तिचा अभिमान मला समजतो, पण त्या शहाणपणाचीच मला भीती वाटते. अंघोळीपासून कपड्यांपर्यंत जिच्या अंगाला दिवसभर चार माणसं न विचारता हात लावतात, तिला पाचव्याचा हात वेगळा आहे हे कळायचं कसं?

शिकवलं तर कळतं. पण विषय काढला की चेहरे पडतात. ‘त्यांना काय कळतंय त्यातलं? उगाच नको ते डोक्यात भरवू नका.’ डोक्यात भरवलं नाही म्हणून पाळी यायची थांबत नाही, मिसरूड फुटायची थांबत नाही. शरीर बुद्ध्यांक विचारून वाढत नाही.

न शिकवण्याची ही सोय आपण कुठवर नेली? १९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या गतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण दिलं, पाळीत त्यांना स्वच्छता राखता येत नाही. शिकवण्याऐवजी अवयवच काढून टाकला. आज २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १० सांगतं की, संमतीशिवाय वंध्यत्व आणणारे उपचार करता येणार नाहीत आणि प्रजननाविषयीची योग्य माहिती या व्यक्तींना मिळाली पाहिजे. माहितीचा हक्क कायद्यात आला, वर्गाच्या वेळापत्रकात अजून यायचाय.

आणि पॅड बदलायला शिकवता येतं. पाळी येण्याच्या बऱ्याच आधी सुरुवात करायची. पॅडवर लाल रंगाचे थेंब टाकून दाखवायचे, म्हणजे खरं रक्त दिसल्यावर मुलगी घाबरून किंचाळत नाही. मागचा कागद ओढायचा, पॅड निकरच्या मधोमध चिकटवायचा, वापरलेला कागदात गुंडाळून डब्यात टाकायचा, आणि हे सगळं दार लावून. प्रत्येक पायरीचं चित्र न्हाणीघराच्या भिंतीवर. कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला वर्ष. बुटाची नाडी बांधायला शिकवताना एवढा धीर आपण धरतोच की.

मुलगे तर खिजगणतीतच नाहीत. सहाव्या वर्षी स्कूलबसमधल्या ताईच्या गळ्यात पडणारा मुलगा सगळ्यांचा लाडका. सोळाव्या वर्षी त्यानं तेच केलं की थप्पड बसते, लोक जमतात. मधली दहा वर्षं त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं. मिठी फक्त घरच्यांना, शाळेत हात मिळवायचा, अनोळखी माणसाला लांबून नमस्कार. रंगीत वर्तुळं आखून, त्यांत ओळखीच्यांचे फोटो चिकटवून हे शिकवतात. हस्तमैथुनाचंही हातावर फटका मारून भागत नाही. ‘हे एकट्यानं, स्वतःच्या खोलीत,’ असं शांतपणे सांगावं लागतं. दीड खोलीच्या घरात स्वतःची खोली कुठून आणू, असं आई विचारते, आणि बरोबरच विचारते. मग न्हाणीघर, आतून कडी लावून.

मुलांवर अत्याचार झाला, तर जबाब नोंदवताना विशेष शिक्षकाची मदत घेण्याची सोय २०१२च्या पॉक्सो कायद्यात आहे. पण मुलीकडे त्या अवयवाला शब्द नाही, हाताशी चित्र नाही, तर ती शिक्षिका तरी कोर्टाला काय समजावणार? वाटी-चमच्यापासून बसपर्यंत सगळ्याची कार्डं वर्गात असतात. शरीराच्या तक्त्यावर मात्र पोट संपलं की एकदम गुडघे.

तो तक्ता पुरा करा. आणि त्याच्याही आधी ‘नको’चं कार्ड मुलाच्या हातात द्या. दिलंत तर ते मानाही. त्यानं ‘नको’ दाखवल्यावरही आपण घास कोंबला, तर ते कार्ड फुकट गेलं. केस विंचरण्याआधी विचारा. मान हलवून नाही म्हणाला, तर थांबा. मावशी गाल ओढायला आली आणि मूल मागे सरकलं, तर आईनं मध्ये पडावं. मावशी रुसेल. रुसू दे.