पांढरा कागद पांढरा नसतो

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात ड्रॉइंग शीट विकत घ्यावी आणि तिथल्याच भाजीवाल्या मावशींचं चित्र त्यावर काढावं, इथवर सगळं सुरळीत चालतं. बघणारे दिलदार असतात. ‘अगदी मावशीच!’ म्हणतात. कोपरापाशी रेघ सुटलीय, पदर दोन-तीनदा खोडलाय, हे कुणी काढून दाखवत नाही. माणसाच्या नजरेला भीड असते.

स्कॅनरला ती नसते. काचेवर कागद पालथा घातला, की चित्र कुठलं आणि कागद कुठला हा भेद त्याच्यापुरता संपतो. ६०० डीपीआयला ए-फोर कागदाचे जवळपास साडेतीन कोटी ठिपके होतात आणि त्यातला एकही त्याला बिनमहत्त्वाचा वाटत नाही. खोडलेला पदर उठून येतो, कागदाचा खरखरीत पोत येतो, आणि पाठीमागे टिपून ठेवलेली किराण्याची यादीसुद्धा उलट्या अक्षरांत हजर होते. (यादीपुरता उपाय सोपा आहे: कागदाच्या पाठीला काळा कागद लावून स्कॅन करायचं.)

त्यात जून महिना असला, तर दुकानात वह्या-पुस्तकांची झुंबड. झेरॉक्सवाला पोरगा घाईघाईने ‘ब्लॅक अँड व्हाइट’वर बोट ठेवतो. “क्लीन येतं काका!” येतं ना. करड्या रंगाला त्यात जागाच नसते. पेन्सिलीचा हलका-जड दाब जातो आणि मावशींच्या गालाला करवतीचे दाते फुटतात.

म्हणून ग्रेस्केल; आणि कागदावर डाग असतील तर सरळ रंगीत स्कॅन. रंगीत स्कॅनची गंमत अशी, की त्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल वेगवेगळे पाहता येतात. चहाचा डाग लाल चॅनेलमध्ये बराचसा विरतो. निळ्या पेन्सिलीने केलेलं कच्चं रेखाटन निळ्या चॅनेलमध्ये फिकं पडतं. निळी पेन्सिल आणि चहा दोन्ही एकाच कागदावर असतील, तर मात्र चित्रकाराने कशाला पाठीशी घालायचं ते ठरवावं.

मग चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधलं ‘लेव्हल्स’. पांढऱ्याचा काटा आत सरकवत न्यायचा. कागद उजळतो, मळ जातो, आणि एका क्षणी मावशींच्या डोळ्याखालची सगळ्यात पुसट रेघही निघायच्या बेतात येते. तिथे थांबायचं. अनेकांना थांबवत नाही. कागद लख्ख झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माझं मत विचाराल तर थोडा मळ राहू द्यावा. पुसट रेघ गेली की मावशी दहा वर्षांनी तरुण दिसतात, आणि त्यांनाही ते पटणार नाही.

रेघांचा लेयर वर ठेवून ‘मल्टिप्लाय’ केला, की पांढरं दिसेनासं होतं, काळं राहतं आणि रंग खालच्या लेयरवर भरता येतो. आता ती कोपरापाशी सुटलेली रेघ आपला हिशेब मागते. लुगड्यात हिरवा रंग ओतावा, तर तो त्या फटीतून बाहेर पडून वांगी, तराजू, मागची रिक्षा आणि अख्खं आभाळ हिरवं करून टाकतो. फट शोधून बुजवण्यात संध्याकाळ जाते.

रंगाखाली रेघ हरवते, ही अडचण इथल्या चित्रकारांना जुनीच. शंभरेक किलोमीटरवरच्या अजिंठ्यात आधी गिलाव्यावर गेरूची रेघ, मग रंग आणि शेवटी गडद रंगाने पुन्हा रेघ, असं काम होई. त्यांना मल्टिप्लाय नव्हतं, हात होता.

पण प्रतींच्या बाबतीत अजिंठ्याची दुसरी गोष्टही ठाऊक असू द्या. रॉबर्ट गिलने १८४४पासून वर्षानुवर्षं राबून तिथल्या चित्रांच्या प्रती केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. तेव्हा मूळ स्कॅन जेपेगमध्ये नको, टिफमध्ये घ्या, त्याला हात लावू नका, आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.