नाव तेवढं वगळा

इंदूरच्या होळकर संस्थानातल्या भानपुऱ्यात १९३१ साली जन्मलेल्या मन्नू भंडारींची ‘यही सच है’ ही कथा बासू चटर्जींनी १९७४च्या ‘रजनीगंधा’ चित्रपटात कानपूर-कलकत्त्याहून दिल्ली-मुंबईला हलवली. गावं बदलली, कथेचा जीव शाबूत राहिला.

पुढे पाळी आली ‘आपका बंटी’ची. आईबापांच्या घटस्फोटात भरडलेलं पोर कादंबरीत वसतिगृहात जातं. तिच्यावरून निघालेल्या ‘समय की धारा’ चित्रपटाने त्याला मारूनच टाकलं. रुमाल भिजल्याशिवाय तिकिटाचे पैसे कसे वसूल होणार?

भंडारी कोर्टात गेल्या. हक्क विकले म्हणजे मोडतोडीचा परवाना दिला असं नव्हे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६मध्ये बजावलं. अखेर तडजोड झाली: चित्रपटात लेखिकेचं नाव नको, कादंबरीचंही नको.

श्रेयनामावलीत नाव झळकावं म्हणून चित्रसृष्टीत हाणामाऱ्या होतात; इथे ते निघालं, हीच लेखिकेची कमाई.