समुद्राकडे जरा पाठ करा

मालवणात सुट्टीला आलेलं कुटुंब काय काय करतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. सकाळी किल्ला, मग तारकर्लीला पॅरासेलिंग, मग पाण्याखाली डोकं घालून फोटो, मग सुरमई थाळी. दुसऱ्या दिवशी देवबाग, बोट, आणखी फोटो, पापलेट थाळी. तिसऱ्या दिवशी गाडी गोव्याच्या रस्त्याला. सिंधुदुर्ग बघून झाला!

झाला नाही. तुम्ही त्याचा फक्त काठ बघितलात.

हा जिल्हा १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून आपण पाहुण्याला एकच दिशा दाखवत आलो आहोत: पश्चिम. पाहुणाही लाटांकडे तोंड करून बसतो आणि त्याच्या पाठीमागे कोकणातला सगळ्यात घाईचा हंगाम चाललेला असतो. शाळांना सुट्ट्या लागतात त्याच सुमाराला काजू शेवटच्या तोडीला आलेला असतो, आंबा उतरत असतो, रातांबे पिकायला लागलेले असतात. इतका जुळून आलेला मुहूर्त आपण वाया घालवतो.

जुन्या द्राक्षमळ्यांच्या मुलखात सुट्टी कशी घालवतात, ते बघा. पोर्तुगालमध्ये दोरू नदीचं खोरं आहे. तिथल्या वाइनच्या प्रदेशाची हद्द सरकारने १७५६ साली आखून दिली. २००१ साली युनेस्कोने ते खोरं जागतिक वारसा म्हणून नोंदवलं. लोक तिथे नुसते पेले रिकामे करायला जात नाहीत. हंगामात द्राक्षं खुडायला जातात, दगडी टाक्यांत उतरून ती पायांनी तुडवायला जातात. शेतकरी आपलं पीक आणि आपले कष्ट पाहुण्याला दाखवतो आणि त्याचे रोख पैसे घेतो. आपल्या नाशिकनेही हा धडा गिरवला. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं आणि बघता बघता द्राक्षमळा हे सहलीचं ठिकाण झालं.

त्याच पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला. गोव्यात त्याच्या बोंडूचं काय होतं? झाडावरून आपोआप गळलेली फळं वेचतात, ‘कोलंबी’ नावाच्या कुंडीत घालून पायांनी तुडवतात, चोथ्याचा ढीग बांधून त्यावर दगड ठेवतात. त्यातून थेंब थेंब गळतो तो नीरो, गोड, अजून न आंबलेला, लहान मुलांनीही प्यावा असा. तुडवताना निघालेला रस आंबवून भट्टीवर चढवला की आधी हुर्राक, मग फेणी. या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ साली गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. आज बागेपासून भट्टीपर्यंत सगळं दाखवणाऱ्या सहली तिथे निघतात आणि त्या सहलींना जाणाऱ्यांत मालवणात दोन रात्री काढून गेलेली कुटुंबंही असतात.

बांदा, दोडामार्ग, सावंतवाडी. सीमेच्या अलीकडे तेच झाड, तीच तांबडी माती, तोच बोंडू. आणि इथे तो कुजतो.

एप्रिलात कुठल्याही बागेत उभे राहा. झाडाखाली पिवळ्या-तांबड्या बोंडूंचा सडा असतो. बाई वाकते, फळ उचलते, बी पिरगळून टोपलीत टाकते आणि बोंडू तिथेच सोडते. दुपारपर्यंत उन्हाने त्याला पाणी सुटतं, आंबूस-गोड वास बागभर पसरतो, वर माश्या घोंगावतात. बीच्या कैक पट वजनाचं, संत्र्यापेक्षा जास्त क जीवनसत्त्व असलेलं फळ आपण मातीला देऊन टाकतो, कारण ते एका दिवसावर टिकत नाही आणि ते त्याच दिवशी पिळून घेणारं यंत्र गावात नसतं. ज्या घराने वर्षभर ती बाग राखली, त्याच्या हाती फक्त बीचा भाव पडतो. तोही व्यापारी सांगेल तो.

आता कुणी म्हणेल, सहकुटुंब सुट्टीच्या गप्पांत दारू कशाला? दारूने किती संसार धुळीला मिळाले, हे कोकणी माणसाला दुसऱ्याने सांगायची गरज नाही. म्हणूनच मी पेल्याबद्दल बोलत नाही, फळाबद्दल बोलतोय. वाइनच्या मुलखात बाटली शेवटी येते. त्याआधी झाड येतं, माती येते, तोडणी येते, तुडवणी येते. या सगळ्यात दहा वर्षांच्या पोराला भरपूर काम असतं.

मग करायचं काय?

पाहुण्यांनो, एक सकाळ बागेला द्या. जुने कपडे घाला, काजूचा डाग जन्मात निघत नाही. पोरांना बी पिरगळायला लावा. बोंडूच्या फोडीला मीठ लावून खा, घसा किंचित धरेल, धरू द्या. ओले काजूगर सोलून त्याच रात्री उसळ करायला सांगा. बी भाजताना मात्र मुलांना लांब उभं करा. टरफलातलं तेल ठिणग्या उडवतं आणि कातडी सोलवटून काढतं. तेवढं एकदा डोळ्यांनी बघितलं की दुकानातल्या काजूचा भाव जास्त आहे, असं पोर पुन्हा म्हणणार नाही.

वाट वाकडी करून वेंगुर्ल्याला जा. तिथलं फळ संशोधन केंद्र दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या आज कोकणभर लागलेल्या काजूच्या जाती तिथे घडल्या. एक कलम कसं बांधतात, हे मुलांनी बघणं म्हणजे शेतीशास्त्राचा अख्खा धडा समोर उलगडणं.

मे महिन्यात रातांबे फोडणारं अंगण शोधा. फळ फोडून बिया वेगळ्या करतात, सालं रसात बुडवतात, उन्हात वाळवतात, पुन्हा बुडवतात, पुन्हा वाळवतात. काळंभोर आमसूल होईपर्यंत ही पुटं चालू. सालात साखर भरून बरणी उन्हात ठेवली की अमृत कोकम. मीठ घालून रस धरला की आगळ. बियांचं तेल टाचांच्या भेगांना. एका फळातला कणही वाया न घालवणारी ही कारागिरी आपल्याच बायका जाणतात, आणि तिचं एक तिकीटही आपण आजवर लावलेलं नाही.

दुपार कलत आली की पिंगुळी गाठा. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ तिथे जिवंत आहे. ती जिवंत ठेवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. सावंतवाडीच्या राजवाड्यात गोल गंजिफा हाताने रंगवताना बघा. दशावतारी गंजिफांचे दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात बारा, एकूण १२० पत्ते. मोबाइलमध्ये मान घातलेलं पोर तिथे मान वर करतं.

सिंधुदुर्ग किल्लाही बघा, पण घाई न करता. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू करवलं. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. बोटवाल्याने दिलेल्या वेळात त्या तिन्ही विहिरींवर आधी जा, फोटो मागाहून.

आता यजमानांशी दोन शब्द. न्याहारी-निवास चालवणाऱ्या घरी पाहुण्याने बागेची चौकशी केली की उत्तर ठरलेलं: “बागेत काय बघूचा आसा?” अहो, बागेतच तर बघायचं आहे! खोली सगळेच देतात. मासेही सगळेच तळतात. तुमच्या आजोबांनी लावलेलं झाड दुसऱ्या कुणाकडे नाही. सकाळचे दोन तास बाग दाखवा, ताजा रस पाजा, न लाजता पैसे सांगा. आंबा पिकतो तेव्हा पाहुणा असतो, काजू गळतो तेव्हा पाहुणा असतो, मग तुमचं पीक आणि तुमचा पाहुणा यांची गाठ कधीच का पडत नाही?

आणि सरकारला एकच. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडू आणि मोहफुलांपासून होणाऱ्या मद्यावरचा ‘देशी’ शिक्का काढायचा निर्णय घेतला. चांगलं केलं. पण शिक्का बदलल्याने बोंडू पिळला जात नाही. त्यासाठी गावोगाव रस काढायची छोटी केंद्रं लागतात, हंगामाच्या आत हातात पडणारा परवाना लागतो आणि तो बड्या भांडवलदाराआधी चार शेतकऱ्यांच्या गटाला मिळावा लागतो. रस, सरबत, व्हिनेगर, वाइन, जे ज्याला झेपेल ते त्याने करावं. माल मात्र इथला, हात इथले आणि नफाही इथलाच राहावा.

समुद्र कुठे पळून जात नाही. तो जून-जुलैतही तिथेच असतो. बोंडू मात्र एका दिवसाचा सोबती आहे. पुढल्या एप्रिलात याल तेव्हा खोली ठरवतानाच विचारा, “बाग दाखवाल का?” पंचवीस पाहुण्यांनी हा प्रश्न विचारला की सव्विसाव्यासाठी पाटी आपोआप लागेल.